अर्धमॅरेथॉन रोइंग : पाण्यासाठी थांबावे की थांबू नये?

(प्रत्येक मजकुराच्या वर तो लिहिणाऱ्याचा सोलापुरातील भाग दिला आहे.)

जुळे सोलापूर :
आमच्या व्यायामशाळेतील आम्ही चौघांनी रोइंग मशीनवर, म्हणजे जागेवर बसून वल्हवण्याच्या यंत्रावर, २१,०९७ मीटर, म्हणजे अर्धमॅरेथॉनचे अंतर, एका बैठकीत पूर्ण करायचे ठरवले आहे. हातात सहा आठवडे आहेत आणि गाडी एकाच मुद्द्यावर अडली आहे : मध्ये पाण्यासाठी थांबायचे की नाही? माझ्या मते थांबायलाच हवे, आणि तेही तहानेने जीव कासावीस झाल्यावर नव्हे, तर आधी ठरवून, सात हजार आणि चौदा हजार मीटरला प्रत्येकी तीस सेकंद.

मार्चमध्ये मी न थांबता जाऊन पाहिले. पहिले दहा हजार मीटर सुरळीत गेले. त्यानंतर वेग तोच असताना हृदयाचे ठोके मिनिटाला १४८ वरून १७१ वर चढले आणि चौदा हजारांच्या आसपास हँडलवरची पकड सुटू लागली, म्हणून मी उतरलो. वजनकाट्यावर उभा राहिलो तर सुरुवातीपेक्षा पावणेदोन किलो कमी भरले. गंमत म्हणजे अंग फारसे ओले नव्हते, मात्र काळ्या बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. आपल्याकडची कोरडी हवा घाम अंगावर टिकू देत नाही, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही. त्यातच धावणाऱ्याला किंवा सायकल चालवणाऱ्याला निदान समोरचा वारा तरी मिळतो. मशीनवरचा माणूस मात्र जागचा हलत नाही.

वेळेचाही हिशेब पाहा. पाचशे मीटरला अडीच मिनिटे हा वेग धरला, तर पूर्ण अंतराला १ तास ४५ मिनिटे २९ सेकंद लागतात. दोन थांब्यांचे एक मिनिट भरून काढायला दर पाचशे मीटरमागे दीड सेकंदही लागत नाही.

विजापूर रोड :
मी आपल्याशी सहमत नाही. त्या संध्याकाळी शेजारच्याच मशीनवर मी होतो, म्हणून स्पष्ट लिहितो : आपली फसगत पाण्याने केली नाही, डॅम्परने केली. त्याची तरफ आठावर होती. डॅम्पर म्हणजे वजन वाढवण्याची कळ नव्हे. फ्लायव्हीलच्या, म्हणजे ओढीसरशी फिरणाऱ्या चाकाच्या, जाळीत किती हवा शिरू द्यायची एवढेच तो ठरवतो. आकडा चढवला की प्रत्येक ओढ जड नाव ओढल्यासारखी होते, आणि तशी ओढ दोन हजारांहून अधिक वेळा मारायची म्हटल्यावर आधी पाठ आणि मग बोटे दगा देणारच. शिवाय त्या मशीनच्या जाळीत धूळ साचली असेल, तर आठाचा आकडाही खरा उरत नाही. म्हणून तरफेकडे न बघता मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला हवेचा प्रत्यक्ष किती विरोध होतो त्याचा आकडा, पाहावा आणि लांब अंतरासाठी तो ११०च्या आसपास ठेवावा. मिनिटाला वीस ते बावीस स्ट्रोक, म्हणजे ओढी, पुरेत. ओढ जोरकस असावी आणि परत येणे तिच्या दुप्पट वेळाचे, निवांत.

थांब्याचा आपला हिशेब कागदावर बरोबर आहे, पण शरीर कागदावर चालत नाही. अंतर लावून सुरुवात केली की आपण थांबलो तरी घड्याळ थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे तासभर बधिर झालेले बूड त्या तीस सेकंदांत जागे होते, मांड्या आखडतात आणि लय पुन्हा सापडेपर्यंत चार-पाचशे मीटर निघून जातात. बाटली पायाशी ठेवावी, वेग उतरवून एका हाताने हँडल हलते ठेवावे आणि दुसऱ्या हाताने दोन घोट घ्यावेत. खरे वल्हेकरी मध्येच थांबत नाहीत.

कन्ना चौक :
थांबण्याच्या वादात पडत नाही, पण खाण्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मला जिवापाड आवडते, तरी आदल्या रात्री मी भातच खातो, कारण भाकरीतील तंतू आणि चटणीतील तेल पहाटे पोटात जड राहतात आणि प्रत्येक स्ट्रोकला गुडघे पोटावर येतात. सकाळी अर्धा तास आधी एक केळे आणि मशीनजवळ मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, एवढेच.

होटगी रोड :
दोन्ही बाजूंचे एक गृहीतक मला खटकते : सगळ्यांना सारखेच पाणी लागते. ज्याचा घाम ताशी अर्धा लिटर जातो, त्याने ताशी दीड लिटर प्यायल्यास रक्तातील सोडियम उतरते, आणि तेही जिवावर बेतू शकते. आधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे ढोबळमानाने एक लिटर गेले, आणि त्यात मध्ये प्यायलेले पाणी मिळवावे. हा आकडा हाती आल्याशिवाय थांबा असावा की नसावा, ही चर्चा पोकळ आहे.

दुसरे असे की एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी पंख्याची हवा त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे अंग ओले नसेल तर ती थंडावा देण्याऐवजी उष्णता वाढवते. उन्हाळ्याला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस अंतर हळूहळूच वाढवावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.

जुळे सोलापूर :
डॅम्परची चूक मला मान्य आहे, आणि संध्याकाळी सहाला, भिंती तापलेल्या असताना बसण्याचीही. पण "खरे वल्हेकरी थांबत नाहीत" हे पटत नाही. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरले, ती शर्यत दोन हजार मीटरची होती. तिथे पाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपले अंतर त्याच्या दहापट आहे, तेव्हा तिथला रिवाज इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. एका हाताने हँडल हलवत पिणे मी करून पाहिले आहे. साखळी वाकडी ओढली जाते आणि पाणी छातीवर सांडते.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आपण दोघे शेजारी बसू. अंतर १५,००० मीटर, ड्रॅग फॅक्टर ११०, आदल्या रात्री भात. मी सात हजाराला थांबेन, आपण थांबू नका. वजनकाटा मी आणतो. दोघांची वजने, शेवटच्या तीन हजार मीटरचा वेग आणि हृदयाचे ठोके रविवारी दुपारी इथेच लिहू.