किलोवॅटच्या आधी सावली बघा

घराच्या गच्चीवर किती किलोवॅटची सोलर सिस्टीम घ्यावी यावर बरीच चर्चा होते, त्यात माझी थोडी भर. आकडा ठरवण्याआधी गच्चीवरची सावली तपासा. पॅनलमध्ये सहसा ३ बायपास डायोड असतात; प्रत्येक डायोड सेलच्या (वीज बनवणाऱ्या छोट्या चौकोनांच्या) एका गटाला जोडलेला असतो आणि गट अडला की वीज त्याला वळसा घालून पुढे नेतो. पाण्याच्या टाकीची गडद सावली एखाद-दुसऱ्या सेलवर पडली तरी त्या डायोडचा सगळा गट बाजूला पडतो, म्हणजे त्या पॅनलची जवळपास एक तृतीयांश वीज गेली. आणि ही पाहणी उन्हाळ्यातल्या भर दुपारी करून उपयोग नाही. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावल्या लांबतात. उन्हाळ्यात निरुपद्रवी वाटणारा कठडा तेव्हा खालची अख्खी रांग झाकतो. सावली टळतच नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) किंवा ऑप्टिमायझरचा (प्रत्येक पॅनलची वीज स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या उपकरणाचा) विचार करा, नाहीतर उगाच खर्च नको.

पॅनल गच्चीला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या. पॅनलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल-तापमानाची असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरा. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, हे अर्धंच खरं.

‘लाईट गेल्यावर घर चालेल ना?’ असं एकांनी विचारलंय. बॅटरी नसलेला साधा ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर लाईट जाताच स्वतःही बंद होतो, भर उन्हातसुद्धा. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड (लाईनसोबत बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीचं कोटेशन आत्ताच मागा.