चार मैत्रिणी आणि एक प्रेत: पटतं का तुम्हाला?

तळ्यातमळ्यात (धागाकर्ती)

आधीच सांगते, पुढे रहस्यभेद आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.

जेम्स पॅटरसनच्या ‘विमेन्स मर्डर क्लब’ची पहिली तीन पुस्तकं गेल्या महिन्यात लोकलमध्ये वाचून काढली. प्रकरणं दोन-तीन पानांची. कोपर स्टेशनला सुरू केलं की पुढच्या दिवा स्टेशनला संपतं. पहिल्या पुस्तकात अशी शंभरावर प्रकरणं आहेत, काय तो हिशेब करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाव सॅन फ्रान्सिस्को. लिंडसे बॉक्सर खुनांचा तपास करणारी इन्स्पेक्टर. क्लेअर वॉशबर्न शवविच्छेदन करणारी डॉक्टर. सिंडी थॉमस ‘क्रॉनिकल’ची बातमीदार आणि जिल बर्नहार्ट सरकारी वकील. २००१ च्या पहिल्या पुस्तकात लग्नाच्या रात्रीच हॉटेलात नवरा-नवरीचा खून होतो, आणि तिथून या चौघी एकत्र येतात. सुझीज नावाच्या ठिकाणी बसायचं, खायचं-प्यायचं, ज्या गोष्टी ऑफिसात बोलता येत नाहीत त्या तिथे बोलायच्या. पुढे सहलेखक घेऊन मालिका पंचविशीला पोचली.

माझं म्हणणं असं की कोडं म्हणून ही पुस्तकं बेताचीच आहेत. पण बायका जमून बोलतात त्याला आपल्याकडे ‘चकाट्या’ म्हणतात ना, त्या चकाट्यांतून इथे खुनी सापडतो. आपण वाढलो ते एका डोक्याच्या डिटेक्टिव्हवर, बाकीचे सगळे ‘वा!’ म्हणायला. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार घ्या. विजया हुशार, धाडसी, पण शेवटी झुंजारची बायको. इथे कोणी कोणाची मदतनीस नाही. तुम्हाला काय वाटतं?

काळाकोट

धागा आवडला, मुद्दा अजिबात नाही. मी सत्र न्यायालयात बचाव पक्षाकडून उभी राहते, त्यामुळे ही पुस्तकं वाचताना माझा रक्तदाब वाढतो.

तुम्ही ज्याला मैत्री म्हणताय ते आरोपीच्या बाजूने बघा. शवविच्छेदन करणारी डॉक्टर कोणाच्याच बाजूची नसावी, तिच्या अहवालाची किंमत तेवढ्यासाठीच असते. ही डॉक्टर तपास अधिकाऱ्याबरोबर आणि सरकारी वकिलाबरोबर नियमाने जेवायला बसते. उलटतपासणीत मी एकच विचारीन: “डॉक्टर, अहवालावर सही केलीत त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात? कोणाबरोबर? बिल कोणी दिलं?” खटला तिथेच लंगडा झाला.

अमेरिकेत तर १९६३ च्या ब्रॅडी निकालापासून आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकार पक्षाला बचावाच्या हाती द्यावाच लागतो. मग सुझीजच्या टेबलावर कोणी “अगं, मला तर हा माणूस निर्दोष वाटतो, कारण...” असं काही बोललं, तर ते जिलने मला सांगायला हवं की नको? आणि त्याच टेबलावर बातमीदार! हे सगळे पुरुष असते तर याला आपण साटंलोटं म्हटलं असतं. बायका आहेत म्हणून मैत्री.

पेठेतला पोपट

वकीलबाईंना +१. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. हे खातेवाटप आहे हो. गृह हिला, आरोग्य तिला, विधी व न्याय तिसरीला, माहिती व प्रसारण चौथीला. लेखकाला कथानकात जे हवं ते एका फोनवर मिळावं म्हणून चार मैत्रिणी. माणसं कुठे आहेत?

तळ्यातमळ्यात

@पोपट, खातेवाटप हा शब्द आवडला, तरीही. ती सोय लेखकाने हवेतून काढलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायंट स्ट्रीटवर हॉल ऑफ जस्टिस नावाची १९६१ ची एक करडी ठोकळा इमारत आहे. पोलिसांचं मुख्यालय, सरकारी वकिलांची कचेरी, फौजदारी न्यायालयं, तुरुंग आणि शवागार हे सगळं वर्षानुवर्षं त्या एका आवारात होतं. पोलीस मुख्यालय २०१५ मध्ये मिशन बे भागात गेलं, शवविच्छेदनाचं खातं त्यानंतर हललं. म्हणजे २००१ साली लिंडसेला क्लेअरकडे जायला खरोखर दोन जिने पुरत होते. एकाच इमारतीत पंधरा वर्षं काम करणाऱ्या बायका एकत्र जेवल्या नसत्या तर ते जास्त खोटं वाटलं असतं.

@काळाकोट, तुमच्या मुद्द्याला आत्ता माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते. पण सिंडीबद्दल एक: पहिल्या पुस्तकात ती हॉटेलात खुनाच्या मजल्यापर्यंत शक्कल लढवून पोचते, कोणी तिला आयती बातमी दिलेली नसते. आणि बातमी कोणी दिली हे सांगायला नकार दिला म्हणून पत्रकाराला न्यायालयाच्या अवमानाखाली पकडता येत नाही, हे कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच आहे. तेव्हा त्या टेबलावर कायद्याने सगळ्यात सुरक्षित तीच.

काळाकोट

हो, आणि बाकी तिघी सगळ्यात असुरक्षित. माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

निळीशाई

मंडळी, तुम्ही चुकीच्या मैत्रिणींवर भांडताय. ‘द ब्लेचली सर्कल’ बघा. ब्रिटिश मालिका, २०१२ मध्ये आली, पहिला भाग जेमतेम तीन एपिसोडचा.

काळ १९५२, लंडन. चौघी युद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायच्या कामावर होत्या. खऱ्या ब्लेचलीत काम करणाऱ्यांत साधारण तीन-चतुर्थांश बायकाच होत्या, आणि गुप्ततेची शपथ अशी की पुढची जवळजवळ तीस वर्षं घरात नवऱ्यालासुद्धा सांगता आलं नाही. मालिकेतली सुझन आता गृहिणी, दोन मुलं, संध्याकाळी शब्दकोडं. रेडिओवर खुनांच्या बातम्या ऐकता ऐकता तिला त्यात आकृतिबंध दिसतो. ती पोलिसांकडे जाते, ते तिने सांगितलेल्या जागी शोधतात, काही सापडत नाही, आणि विषय संपतो. मग ती जुन्या मैत्रिणी गोळा करते. एक हॉटेलात वेट्रेस, एक ग्रंथपाल, आणि एक अशी की जे वाचेल ते डोळ्यांपुढे जसंच्या तसं. घरी सांगायचं काय? तर पुस्तकं वाचायचा क्लब काढलाय!

वकीलबाई, इथे तुमचा आक्षेप लागू पडतो का? यांच्याकडे ना बिल्ला, ना शवागाराची किल्ली, ना वर्तमानपत्र. आहे ते रेल्वेचं वेळापत्रक. पॅटरसनच्या चौघींना अधिकार आहे आणि त्या तो आडवाटेने वापरतात. यांना अधिकारच नाही. माझ्या मते खरा जोर इथे आहे.

पेठेतला पोपट

पुस्तकांचा क्लब म्हणजे आमच्याकडची भिशी. आमच्या सौ.च्या भिशीत बारा जणी. मागच्या खेपेला नंबर कोणाचा लागला यावर एकमत होईना, खुनी कुठून सापडायचा?

निळीशाई

पोपटराव, त्याच भिशीत तुमच्या सोसायटीतल्या कोणाचा हप्ता थकलाय, कोणाचा मुलगा कुठे असतो आणि कोणाच्या घरी रात्री भांडी फुटतात हे सगळं ठाऊक असतं. पंचनाम्याला आलेला हवालदार आधी तिथेच विचारतो.

अवांतर: आपल्याकडच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी मुलाखतींत सांगितलंय की एका खुनाच्या प्रकरणात त्या संशयित बाईच्या घरी सहा महिने कामवाली म्हणून राहिल्या होत्या. एकट्या. क्लब नाही, सुझीज नाही. मराठीत यावर कोणी नीट कादंबरी का लिहीत नाही?

तळ्यातमळ्यात

आता उत्तर सुचलं, म्हणून परत आले.

तिसऱ्या पुस्तकात (२००४) जिल मरते. मला त्याहून जास्त लागलं ते आधीचं. जिलला नवरा मारतो. चौघी मैत्रिणी, त्यातली एक इन्स्पेक्टर, एक प्रेतावरच्या जखमा वाचणारी डॉक्टर, एक नाक खुपसणं हाच धंदा असलेली बातमीदार. आणि आपल्यातलीच एक मार खातेय हे त्यांना कळायला केवढा उशीर होतो! शहरातले सगळे खून यांना दिसतात. हे वाचताना कळवा गेलं, ठाणं गेलं, मी मुलुंडला उतरून उलटी आले.

म्हणून, काळाकोट, साटंलोटं हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. नुसतं साटंलोटं असतं तर जिलचं कळल्यावर त्या एवढ्या हादरल्या नसत्या.

पेठेतला पोपट

आणि पुढे तिच्या जागी दुसरी वकील, युकी कास्तेलानो, भरती! खातं रिकामं ठेवून चालत नाही. मी माझ्या मतावर ठाम.

काळाकोट

पोपटराव, थांबा जरा.

तळ्यातमळ्यात, सुझीजच्या टेबलाबद्दल माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. पण जिलचं खरं आहे. आमच्या बाररूममध्ये आम्ही चौघी एकत्र डबा खायचो. त्यातली एक कौटुंबिक हिंसाचाराचेच अर्ज चालवायची, आणि काय चालवायची! ती मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालून यायला लागली. पंखा बंद, अंगाची लाही लाही होतेय, आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. आम्ही तिघी रोज साक्षीदारांच्या तोंडून नको नको ते काढणाऱ्या. तिच्याकडे लोणचं मागितलं, बाह्यांचं विचारलं नाही. पुढे ती प्रॅक्टिस सोडून दुसऱ्या गावी गेली. का, ते आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

तिसरं पुस्तक आहे का तुमच्याकडे अजून? मी दुसऱ्यावरच थांबले होते.

तळ्यातमळ्यात

आहे. व्यक्तिगत निरोप करते. मुलुंडच्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे, तो तसाच राहू द्या.