मदत हवी आहे: डोळ्यांच्या चिठ्ठीतलं ‘ओडी’ कसं वाचायचं?

आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. पहिल्या थेंबांपुढे ‘ओयू, बीडी’ लिहिलंय, म्हणजे दोन्ही डोळ्यांत दिवसातून २ वेळा, ते कळलं. दुसऱ्या बाटलीपुढे मात्र कडेला दाटीवाटीनं नुसतं ‘ओडी’. गोळ्यांच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ दिवसातून १ वेळा. पण नेत्रतज्ज्ञ उजव्या डोळ्यासाठी, लॅटिन ‘ऑक्युलस डेक्स्टर’वरून, हीच अक्षरं वापरतात! औषधवाल्यानं ‘रोज एकदा’ सांगितलं. कुठल्या डोळ्यात, ते त्यालाही माहीत नव्हतं. दवाखाना उद्या उघडला की विचारणारच आहे, तोवर ही बाटली उघडलेली नाही. नेत्रविभागात काम करणाऱ्यांनी एवढंच सांगा: पुढेमागे काही नसताना एकटं ‘ओडी’ आलं, तर तुम्ही ते डोळा म्हणून वाचता की वेळ म्हणून?