नाशिकच्या ढोलाचा इतिहास लिहिताय? मग आधी विचारा, वाजवणं सोडलं का होतं

गोदाकाठ४२२
माझ्या ओळखीतली कॉलेजची काही पोरं सध्या नाशकातल्या ढोल-ताशा पथकांवर काम करतायत. जुन्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि त्यातून 'ढोल परत कसा आला' हे लिहायचं असा बेत आहे. काम चांगलंच आहे, वाद नाही. पण त्यांची प्रश्नावली बघितली आणि डोकं सटकलं. पथक कधी काढलं, पहिला ढोल कुठून आणला, पहिली मिरवणूक कुठली, तेव्हा किती पोरं होती, गोदाघाटावरच्या महावादनात कधीपासून जाता. सगळे प्रश्न सुरू कसं झालं याचे. बंद का पडलं होतं याचा एकही नाही.

आता ढोल, डफडं, सनई, संबळ, हलगी ही कामं गावगाड्यात कुणाच्या वाट्याला होती ते इथं सगळ्यांना माहितीये, उगाच आडपडदा नको. बलुत्यावर वाजवायचं, नाही म्हणायची सोय नाही, लग्नात दिवसभर वाजवून शेवटी मांडवाबाहेर वेगळं जेवायला बसायचं. ते कित्येकांनी ठरवून सोडलं. आणि आपल्या जिल्ह्यात हे विसरणं तर फारच अवघड आहे भो, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला तो पंचवटीत, धर्मांतराची घोषणा झाली १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात. गावकीची हलकी ठरवलेली कामं सोडा असं बाबासाहेब सांगत होते, लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं तसं कित्येक गावांत मिरवणुकीपुढं वाजवणंही सोडलं, ५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर जास्तच. म्हणजे ज्याला आपण 'परंपरा लोप पावत होती' म्हणतो ते कुणासाठी तरी सुटका होती. माझं मत सरळ आहे, हा प्रश्न न विचारता घेतलेल्या मुलाखतींना इतिहास म्हणू नका, स्मरणिका म्हणा.

ताशा_तर्री
दादा, तुमचा मुद्दा कळला पण एक बाजूच सांगताय. मी पथकात ताशा वाजवते, बरीच वर्षं. आमच्याकडे अर्ध्या मुली आहेत. माझी आई सांगते तिच्या वेळी बाईनं कमरेला ढोल बांधून रस्त्यावर उतरायचं हे कुणी स्वप्नातसुद्धा आणलं नसतं. मग हा इतिहास नाही का, का आम्ही सगळे स्मरणिकेतच?

दुसरं, सगळ्यांनी सोडलं हे कुठून आणलंत? मातंग, होलार, गुरव समाजातली कित्येक घरं आजपण वाजवतायत, संबळवाले गोंधळी गडावर सप्तशृंगीला आजपण दिसतात. तुम्ही एका समाजाचा निर्णय सगळ्यांच्या माथी मारताय. आणि वाजवणं कमी झालं त्यात ब्रास बँडचा हात आहे, कॅसेटचा आहे, डीजेचा तर आहेच. लग्नाला बँड लावला की घरची इभ्रत वाढते असं झालं आणि सनई-ढोलवाले मागं पडले, हे मला दोन-तीन जुन्या लोकांनी स्वतः सांगितलंय.

आणि प्रॅक्टिकल बोलते. समोरच्या सत्तर वर्षांच्या काकांना पहिलाच प्रश्न 'तुमच्यावर अन्याय झाला म्हणून सोडलं का' असा टाकला तर ते चहा पाजून वाटेला लावतील. सराव कसा असायचा, ढोलाचं पान कोण चढवायचं, पहिला हात कुणी शिकवला, इथून सुरुवात केली की माणूस खुलतो.

जुनी_फाईल
तुम्ही दोघं प्रश्न कुठला आधी यावर भांडताय, माझा तर मुलाखतीवरच भरवसा नाही. चार पथकांत जा, चारही सांगतील 'नाशकातलं पहिलं पथक आमचं'. साल विचारलं तर 'दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी'. बहात्तरचा दुष्काळ तरी पक्का म्हणून अंदाज लागतो, बाकी सगळं हवेत. मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या बघा, ढोलवाल्याला किती बिदागी दिली ते तिथं लिहिलेलं सापडेल. मिरवणुकीचे परवाने, 'गावकरी' पेपरचे जुने अंक, लग्नाचे अल्बम. अल्बममध्ये वाजंत्री हमखास कोपऱ्यात अर्धे कापलेले असतात, पण वाद्य कुठलं होतं ते दिसतं आणि कपडे, चपला, कुठं उभं केलंय ते पण दिसतं. कागद खोटं बोलत नाही.

मास्तर_निफाड
कागद खोटं बोलत नाही हे जरा जास्तच झालं, कागद लिहिणारा कोण होता ते पण बघा ना. वाजवणाऱ्याच्या घरी कुठली वही?

आठवण चुकते म्हणून ती बाद, असं नसतं साहेब. इटलीत तेर्नी म्हणून पोलादाचं गाव आहे. तिथं १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्ध मोर्चा निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार मेला. पुढं अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या तर कित्येक जण सांगायला लागले की तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून हजारो लोकांना कामावरून काढलं त्या आंदोलनात. साल साफ चुकीचं. पण पोर्तेल्ली म्हणाला की ही चूकच कामाची आहे, कारण लोकांच्या लेखी मोठा घाव नोकऱ्या जाण्याचा होता आणि मरणाचं दुःख त्यांनी तिथं नेऊन ठेवलं. आता आपल्याकडं एखादा म्हातारा सगळं खापर डीजेवर फोडत असेल आणि त्याच्या गावात वाजवणं डीजे यायच्या तीस वर्षं आधीच बंद पडलेलं असेल, तर तो खोटारडा आहे म्हणून कॅसेट पुसायची का? डीजेवर बोलणं सोपं पडतं, दुसऱ्या कारणावर सगळ्यांसमोर बोलणं जड जातं, हे त्यातून कळतंच की.

जुनी_फाईल
मास्तर, उदाहरण झकास. पण त्यांनी साल चुकवलं हे पोर्तेल्लीला कळलं कशावरून? ४९ च्या घटनेची नोंद होती म्हणूनच ना. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. तुमच्या म्हाताऱ्याच्या गावात वाजवणं नक्की कधी बंद पडलं ते तुम्ही कशावरून ठरवणार? परत दुसऱ्या म्हाताऱ्याला विचारून?

ताशा_तर्री
आणि अभ्यास करणाऱ्यांनी नुसतं खोदत बसावं असं पण नाही. राजस्थानात लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारींनी काय केलं बघा, १९६० मध्ये लेखक विजयदान देथांबरोबर बोरुंदा गावात रूपायन संस्था काढली, गावोगाव फिरून लंगा आणि मांगणियार या पिढीजात गाणाऱ्या समाजांतल्या गायकांना ऐकलं, त्यांच्याशी बोलले, रेकॉर्डिंग केलं आणि त्यांना देश-परदेशातल्या स्टेजवर नेलं. आज त्यांचं गाणं सगळीकडं पोचलंय. तिथं कुणी म्हणालं नाही की आधी बंद का पडलं ते सांगा.

गोदाकाठ४२२
ताई, उदाहरण तुम्ही दिलंत पण ते माझ्या बाजूचं आहे. कोठारींनी स्टेजवर लंगा-मांगणियारांनाच नेलं, जोधपूरच्या कॉलेजच्या पोरांना त्यांचं गाणं शिकवून नाही नेलं. नाशकात नेमकं उलटं झालंय. ढोल परत आला, वाजवणारा नाही आला.

आणि वाजवणं सोडलं म्हणजे गाणं सोडलं असंही नाही. आंबेडकरी चळवळीचे गाण्या-नाट्याचे जलसे निघाले, भीमराव कर्डकांचा जलसा आपल्या नाशिक भागातलाच. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा, २००४ ला गेले. त्यांची गाणी छापील पुस्तकांपेक्षा लोकांच्या हातच्या वह्यांमधून आणि गायन पार्ट्यांमधून जास्त फिरली, आजपण १४ एप्रिलला गल्लोगल्ली ऐकू येतात. एका बाजूला ढोल खाली ठेवला आणि दुसऱ्या बाजूला हे उभं केलं, त्याच दोन-तीन पिढ्यांत. पण 'नाशिकचं लोकसंगीत' म्हटलं की प्रश्नावलीत हे येतच नाही, कारण ते कधी मेलंच नाही म्हणून जिवंत केल्याचं श्रेय घेता येत नाही.

सुरगाणा_रोड
नाशिक म्हणजे नुसती पंचवटी नाही बरं का. आमच्या कोकणा आदिवासी लोकांत थाळगान आहे. काशाची थाळी, मधोमध मेणानं उभी केलेली काडी, तिच्यावरून बोटं सरकवायची आणि त्या सुरावर भगत रात्र रात्र कथा सांगतो. आमच्या पाड्यावर एक अभ्यासक आले, भर मे महिन्यात, दुपारी. ओसरीवर बसून म्हणाले दहा मिनिटं म्हणून दाखवा. म्हातारबाबा नाही म्हणाले. कसं म्हणणार, त्याची वेळ असते, कारण असतं, घरात कार्य असावं लागतं. पुढं त्यांच्या लेखात काय वाचायला मिळालं तर 'ही कला आता लोप पावत आहे'. आयला, तुम्हाला दाखवली नाही म्हणजे लोप पावली?

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला या. फुंकून वाजवायची पावरी वाजते, माणसं उपास धरून दिवसेंदिवस नाचतात-गातात, पौर्णिमेपर्यंत. कुणी पुनरुज्जीवन करा म्हणून आम्ही अर्ज दिलेला नाही.

मल्याळी_शेजारी
थोडं अवांतर. नोकरीनिमित्त त्रिशूरकडं राहतो, मूळ नाशिकरोडचा. इथं केरळात मंदिराचा उत्सव असो, निवडणुकीची मिरवणूक असो, 'नासिक ढोल' म्हणून मंडळं वाजवायला येतात, त्याच नावानं बुकिंग होतं. वाजवणारे सगळे मल्याळी पोरं, नाशिक कुठंय ते विचारलं तर हसतात. हे इकडं कुणी आणलं, कुणाकडून शिकले, त्याची मुलाखत घ्यायला कुणी येणार असेल तर राहायची सोय माझ्याकडं.

सातपूर_शिफ्ट
इतका वेळ वाचत होतो. आमच्या घरात वाजवायचे. वडील सनई, चुलते ढोल. मी कंपनीत आहे, पोराला मी वाजवू देणार नाही, त्याला आवडलं तरी नाही, यावर कुणी लेक्चर देऊ नका.

वडिलांकडं मुलाखतीला लोक येतात. वडील त्यांना सांगतात 'पूर्वी लई मान होता, आमच्याशिवाय लग्नाचं पान हलत नव्हतं'. तेच वडील रात्री घरात वेगळं सांगतात, कुठल्या वाड्यात पावसात बाहेर उभं केलं, कुठं बिदागी पायरीवर फेकली. दोन्ही खरं असेल, मला माहीत नाही. पण विचारायला आलेला पोरगा त्याच वाड्यातला असेल तर ते त्याला पायरीची गोष्ट सांगणार आहेत का? तुम्ही प्रश्न आधी का नंतर यावर वाद घालताय, विचारणारा कोण आणि बसलात कुणाच्या ओट्यावर, ते बघा.

ताईंसाठी एक. चुलते अजून वाजवतात. गणपतीत पूर्वी दहा दिवसांच्या सुपाऱ्या असायच्या, आता मंडळं पथकं बोलावतात. पथकातली पोरं हौशी, घरी पगार येतोय, पैसे नाही मिळाले तरी चालतं. चुलत्यांना चालत नाही. तुमची हौस आमच्या रेटवर येते हे मुलाखतीत कोण सांगणार?

आणि रेकॉर्डिंगचं. वडील तासभर वाजवून दाखवतात, ते नंतर कुठं जातं कुणाला ठाऊक. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला स्वतःचा हक्क दिलाय, त्याला न विचारता रेकॉर्डिंग करून वाटेल तसं वापरता येत नाही. हे आमच्या दारात आलेल्या एकानंही सांगितलं नाही, मला युनियनच्या वकिलाकडून कळलं. अर्ध्या दिवसाची मजुरी पण कुणी देत नाही. पेढ्याचा बॉक्स आणतात.

जुनी_फाईल
हक्काचं पटलं. लेखी संमती घ्यावी, एक कॉपी घरी द्यावी, नाव टाकू का ते विचारावं, हे किमान झालं. पण पैसे देऊन मुलाखत घेतली की माणूस समोरच्याला जे हवं तेच बोलतो. त्यापेक्षा न घेतलेली बरी.

सातपूर_शिफ्ट
आता फुकट घेताय तेव्हा काय वेगळं बोलतायत? 'लई मान होता' हे फुकटातलंच आहे. शिबिराला व्याख्याता बोलावला की पाकीट देता ना, तेव्हा नाही वाटत की हा आपल्याला हवं तेच बोलेल.

मास्तर_निफाड
हे खरंय. दिवसाची मजुरी द्यायची, आणि काय सांगितलं त्यावर ती कमी-जास्त होणार नाही हे आधीच सांगायचं. शेतावरच्या माणसाला बोलावलं तर रोज देतोच की आपण.

ताशा_तर्री
सातपूरवाले दादा, रेटचा मुद्दा आम्ही कधी असा बघितलाच नाही असं नाही म्हणणार, पथकात दोन-तीनदा निघालाय आणि दरवेळी 'आपण कुठं धंदा करतो' म्हणून मिटवलाय. मला अजूनही वाटतं की पथकं नसती तर मंडळांनी तुमच्या चुलत्यांना नाही, डीजेलाच बोलावलं असतं. त्यावर मी मागं हटणार नाही. पण मुलाखतींचं मानधन पथकाच्या वर्गणीतून द्यायचं हे मी बैठकीत मांडते. आणि 'का सोडलं' हा प्रश्न प्रश्नावलीत टाकायला त्या पोरांना सांगते, फक्त शेवटी ठेवू.

गोदाकाठ४२२
शेवटी नको ताई. शेवटी म्हणजे चहा आलेला असतो आणि सगळे उठायच्या बेतात असतात. दुसऱ्या भेटीला ठेवा, आणि दुसऱ्या भेटीला पथकाचा टीशर्ट घालून जाऊ नका.

सातपूर_शिफ्ट
पहिल्या भेटीला पण नको.