कादंबरीतल्या राज्याचं सैन्य किती धरावं?

चिकोडीचा_लेखनिक
नमस्कार मंडळी. राजे, किल्ले, जादू असली एक कादंबरी लिहितोय. राज्याचं नाव शाल्मल. नकाशा काढताना आपलाच मुलूख डोळ्यासमोर होता: पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीसारखं जंगल नि धो धो पाऊस, मध्ये भाताची खाचरं, पूर्वेला सौंदत्तीकडची काळी जमीन. आकार बेळगाव जिल्ह्याएवढा, १३,००० चौरस किलोमीटरच्या वर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात ४७ लाख ७९ हजार लोक होते, तेवढेच धरलेत. सैन्य ३ लाख, राजधानी ४ लाखांची. शिवाय गंडभेरुंडावर, म्हणजे पुराणातल्या दोन डोक्यांच्या पक्ष्यावर, बसून लढणारे ५०० स्वार. बहीण म्हणते, आकडे हवेत फेकलेस. खरंच तसं वाटतं का?

रसदवाले_काका (बेळगाव)
बहीण शहाणी आहे तुझी. मी सैन्यात रसदीकडं नोकरी केली. त्यामुळं सैन्य म्हटलं की मला तलवारी दिसत नाहीत, पोती दिसतात.

आधी लोकसंख्या. २०११ चा आकडा घेऊ नकोस की! त्यात हिडकलचं धरण आहे, नवीलतीर्थाचं धरण आहे, संकरित बी आहे, युरिया आहे, देवीची लस आहे. तुझ्या शाल्मलात यातलं काय आहे? १९०१ ची जनगणना बघ. बेळगाव जिल्ह्यात ९,९३,९७६ माणसं, आणि तेव्हा चंदगडही आपल्यातच होतं. चौरस किलोमीटरला ऐंशीच्या थोडी वर. दुष्काळ आणि प्लेगनं नुकताच तडाखा दिला होता हे मान्य, पण तुझा काळ त्याच्याही चार-पाचशे वर्षं मागचा आणि पाव मुलूख जंगल. सहा लाख धर.

आता सैन्य. शेतीवरच्या राज्याला शंभरातला एक माणूस बारमाही हत्यारबंद ठेवता येतो, फार ताणलं तर दोन. बाकीच्यांनी नांगर धरायचा असतो बाबा. म्हणजे सहा ते बारा हजार. शत्रू वेशीवर आला तर गावोगावचे धडधाकट गडी गोळा करून पंचवीस-तीस हजारांवर जाशील, पण महिना-दोन महिने. त्यापुढं ते घराकडं पळणार.

तुझे तीन लाख घेऊनच बघू. चौघं एका रांगेत, दोन रांगांत दोन मीटर अंतर. पंच्याहत्तर हजार रांगा, दीडशे किलोमीटर. पहिला शिपाई कोल्हापूर ओलांडून पेठ नाक्याजवळ पोचला तरी शेवटचा बेळगावच्या कॅम्पातच बिडी ओढत उभा! घोडे, हत्ती, गाडे यात धरलेलेच नाहीत. दिवसाची चाल पंधरा-वीस किलोमीटर. पुढच्यानं लढाई हरून झाली तरी मागच्याला कळणार नाही.

आणि पोट. माणशी किलोभर धान्य म्हणजे रोज तीन हजार क्विंटल. एका बैलाच्या पाठीवर सव्वा क्विंटल धर. रोजचे २,४०० बैल झाले, महिन्याची शिदोरी बरोबर घ्यायची तर ७२,०००. घोड्यांना हुलगे-हरभरा वेगळा. म्हणून जुन्या फौजांना बैलांवरून धान्य वाहणाऱ्या लमाण्यांचे तांडे लागायचे. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीचीसुद्धा त्यांच्यावाचून गत नव्हती. तुझ्या कादंबरीत एकही लमाणी नाही, असं मी पैजेवर सांगतो.

बाजारबुणगेही धर: लोहार, चांभार, वाणी, मोतद्दार, बायकापोरं, यात्रेकरू. पानिपतावर १७६१ साली लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते, आणि खायला सगळ्यांना लागत होतं.

हंपीवेडा
काका, पण विजयनगरावर लिहिणाऱ्या नुनीझ या पोर्तुगीजानं १५२० च्या रायचूर लढाईत कृष्णदेवरायाचं पायदळ सात लाखांच्या वर सांगितलंय. मग तीन लाख का नको?

रसदवाले_काका (बेळगाव)
ते त्यानं लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलं. प्रत्येक सरदाराच्या नावापुढं मोठमोठे आकडे मांडलेत. मोठं सैन्य सांगितलं की राजाही खूश, ऐकणाराही खूश. त्यातले निम्मे खोटे धरले तरी विजयनगराच्या मागं कृष्णा-तुंगभद्रेपासून खाली तमिळ मुलखापर्यंतचा शेतसारा होता. शाल्मलाच्या मागं काय आहे? सौंदत्ती! उलट हे तू कादंबरीत वापर. दरबारातला भाट तीन लाख म्हणू दे आणि फडावरचा कारकून नऊ हजारांचाच शिधा लिहू दे.

राजधानी चाळीस हजारांवर नेऊ नकोस. धान्य गाड्यांनी येतंय, आणि गाडीचे बैल वाटेत खातात. लांबून आणावं तितकं महाग. बारमाही नावा चालणारी नदी काढलीस तर वाढव, पण मलप्रभेवर बेतलेली असेल तर उन्हाळ्यात नाव कुठली चालवतोस?

भातखाचर (खानापूर)
काकांचं गणित पटलं, पण एक राहिलं. या भाऊंनी मोहिमेचा महिनाच लिहिलेला नाही. सगळे लेखक दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर काढतात. आमच्याकडं दसऱ्याला भात शेतात उभं असतंय. कापणी-मळणी दिवाळीच्या पुढं-मागं. तेव्हा खाचरातले गडी उचलले तर भात डुकरं खाणार आणि बायका राजाला शिव्या घालणार. पूर्वेकडं वेगळं, तिकडं तेव्हा शाळू पेरायची गडबड आणि काढणी थेट माघ-फाल्गुनात. म्हणजे एकाच राज्यातले दोन भाग वेगवेगळ्या महिन्यात मोकळे होतात. तुमच्या सेनापतीला याचा वैताग आला पाहिजे. आणि पावसाळ्यात घाटाखाली उतरायचं नाव काढू नका, कणकुंबीचा पाऊस बघितलाय ना?

रसदवाले_काका (बेळगाव)
ताई, हे खरं बोललात. पूर्वेचे शिलेदार आधी येतील, घाटाकडचे पायदळी कार्तिकात.

चिकोडीचा_लेखनिक
काका, ताई, आभार. लोकसंख्या सहा लाख, राजधानी पस्तीस हजार, सैन्य नऊ हजार केलं. लमाण्यांचा तांडा घातला, त्यांचा नायक आता मला राजापेक्षा आवडायला लागलाय. पण गंडभेरुंडांचं कुणीच बोललं नाही.

रसदवाले_काका (बेळगाव)
मुद्दाम टाळलं होतं. माणूस पाठीवर घेऊन उडणारा पक्षी, दोन चोची, मांसाहारी. रोज एक बकरं तर लागणारच. पाचशेंना वर्षाला १,८२,५०० बकरी. धनगर राज्य सोडून जातील. पाच ठेव.

चिकोडीचा_लेखनिक
सात चालतील? दोन मला तिसऱ्या भागात मारायचे आहेत.