लमार जॅक्सन: पॉकेटमधल्या शिस्तीने तो घडला की अडकला?

चेसापीक:
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये २०१८ चा ड्राफ्ट (कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची संघवार निवड) व्हायच्या आधी बिल पोलियन यांच्यासारखा संघ घडवण्यात मुरलेला माणूस उघड म्हणत होता की लमारने वाइड रिसिव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा, व्हावं. हाइझमन ट्रॉफी (कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, आणि सल्ला काय, तर जागा बदल! रिसिव्हरचा आग्रह धरणाऱ्यांना आयतं निमित्त नको म्हणून लमार वेग मोजणारी ४० यार्डांची धाव धावलाच नाही. शेवटी बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याला पहिल्या फेरीच्या टोकाला, ३२ व्या क्रमांकावर घेतलं. पुढे २०१९ आणि २०२३ चे एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार) त्याला मिळाले.

माझं म्हणणं असं की हे दोन एमव्हीपी दोन वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना मिळाले आहेत. २०१९ चा लमार १,२०६ यार्ड पळाला. बचावफळी त्याच्या पायांना इतकी बिचकायची की मधली जागा आपोआप मोकळी व्हायची आणि तिथे चेंडू टाकणं सोपं जायचं. त्या वर्षी ३६ टचडाउन पास (एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, चेंडू पोचवून गुण देणारे) आणि फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), हे मी कमी लेखत नाही. पण जानेवारी २०२० मध्ये टायटन्सने त्याला पळून सामना फिरवू दिला नाही. रेव्हन्स मागे पडले, त्याला ५९ पास टाकावे लागले आणि हंगामात १४ विजय, २ पराभव अशा दिमाखात आलेला संघ २८-१२ ने घरी बसला.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे आला, की ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण क्वार्टरबॅकभोवती अडीच-तीन सेकंद टिकेल असा आडोसा उभा करतात, तेच पॉकेट. तिथे थांबणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. अंगावर माणसं येत असताना नजर त्यांच्याकडे न जाता पुढे रिसिव्हरवरच राहिली पाहिजे. पाय हलते हवेत, पण भरकटता कामा नयेत. कडेने दाब आला तर बाहेर न पळता एक पाऊल पुढे सरकायचं आणि तिथूनच चेंडू सोडायचा. पळणाऱ्या क्वार्टरबॅकला यातलं सगळ्यात जड जातं ते हे पुढे सरकणं, कारण बाहेर पळून जाणं त्याला इतकी वर्षं फळलेलं असतं.

११ नोव्हेंबर २०२१ चा मायामीतला सामना आठवा. डॉल्फिन्स प्रत्येक वेळी सहा-सात जण लाइनवर आणून उभे करायचे. त्यातले कोण धावून येणार आणि कोण मागे सरकणार हे कळायचं नाही. लमार मागे-मागे हटत राहिला, रेव्हन्स २२-१० ने हरले. आता ३१ डिसेंबर २०२३ बघा, समोर तेच डॉल्फिन्स. २१ पैकी १८ पास पूर्ण, ३२१ यार्ड, ५ टचडाउन, पासर रेटिंग १५८.३, म्हणजे याहून वर आकडाच नाही. रेव्हन्स ५६, डॉल्फिन्स १९. मधल्या काळात ग्रेग रोमन जाऊन टॉड मंकन आक्रमणाचे प्रशिक्षक झाले आणि स्नॅपआधी लाइनवर उभं राहून निर्णय घ्यायची मुभा लमारला मिळाली. २०२४ ला तर ४,१७२ यार्ड, ४१ टचडाउन आणि इंटरसेप्शन फक्त ४.

ही शिस्त त्याने कमावली आहे आणि तिचं श्रेय त्याच्या पायांच्या खात्यात टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

स्नॅपकाउंट:
धागा चांगला आहे, पण निष्कर्षाशी अजिबात सहमत नाही.

पहिली गोष्ट, डॉल्फिन्सची तुलना टिकत नाही. २०२१ चा तो ब्लिट्झ (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) मायामीचे तेव्हाचे प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांचा होता. २०२३ पर्यंत ते मायामी सोडून गेले होते आणि बचाव विक फँजिओ यांच्याकडे होता. फँजिओ ब्लिट्झपेक्षा मागची फळी राखण्यासाठी ओळखले जातात. जर्सी तीच असली तरी प्रश्नपत्रिका वेगळी होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २८ जानेवारी २०२४, चीफ्सविरुद्ध एएफसी फायनल (लीगच्या दोन गटांपैकी एका गटाची अंतिम लढत). त्या हंगामात सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक रशिंग (चेंडू घेऊन पळून काढलेले) यार्ड रेव्हन्सचे होते. आणि त्या दिवशी चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकना मिळून चेंडू किती वेळा दिला? सहा. लमारने पास टाकले ३७. म्हणजे सगळ्यात मोठ्या सामन्यात संघाने ठरवून टाकलं की आपला माणूस आता पॉकेट पासर आहे. काय झालं? चौथ्या सत्रात एंड झोनमध्ये तीन बचावपटूंच्या गराड्यात रेव्हन्सच्याच लाइकलीकडे टाकलेला पास चीफ्सच्या डिऑन बुशने झेलला. १७-१० ने हार. झे फ्लॉवर्सला मिळालेला ३० यार्डांचा टचडाउन, रेव्हन्सचा त्या सामन्यातला एकुलता एक, तो तर लमार दाबातून निसटून बाहेर आल्यावर पडला.

त्याची खरी ताकद ही आहे की तो पळेल की टाकेल हे समोरच्या लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला) शेवटच्या क्षणापर्यंत समजत नाही. ती दहशत त्याच्याकडून काढून घ्यायची आणि त्याला वाढ म्हणायचं, हे मला पटत नाही.

जुना_क्रिकेटवाला:
मी हा खेळ अमेरिकेत आल्यावर बघायला लागलो, त्यामुळे बारकाव्यांवर बोलत नाही. पण चेसापीक म्हणतात ते मला सिडनी २००४ मुळे लगेच समजलं. सचिनने कव्हर ड्राइव्ह बासनात बांधून ठेवला आणि नाबाद २४१ काढल्या. हातात असलेला सगळ्यात देखणा फटका न मारणं याला जिगर लागते. लमारचं पळणं तसंच.

स्नॅपकाउंट:
काका, उदाहरण आवडलं, पण ते माझ्या बाजूचं आहे. सचिनने कव्हर ड्राइव्ह त्या खेळीपुरता बाजूला ठेवला, कारण त्या दौऱ्यात तो तिथेच बाद होत होता. कायमचा सोडला नाही. लमारच्या बाबतीत मात्र पळणं ही सुधारायची खोड आहे, असा सूर लोक लावतात.

इंद्रायणी:
सूर कुठून येतो ते सांगते, कारण या धाग्यात ती बाजू आलीच नाही.

१९६८ मध्ये डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्कोने क्वार्टरबॅक म्हणून १४ टचडाउन पास टाकले. पुढच्या वर्षी तो बफेलोत रिसिव्हर होता. १९७८ मध्ये वॉरन मून रोझ बोल (कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना) गाजवून आला आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, लागोपाठ पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकला, मग १९८४ ला ह्यूस्टनने त्याला आणलं आणि २००६ ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. मून तर भरपूर आणि सुंदर पास टाकणारा होता! म्हणजे अट पॉकेटची कधीच नव्हती. काळा क्वार्टरबॅक नको होता आणि पॉकेट हे त्याला दिलेलं सभ्य कारण होतं. पोलियन यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही आणि त्यांच्यावर आरोपही करत नाही. पण लमारने तो सल्ला ऐकला तेव्हा त्यामागे ही पन्नास वर्षं उभी होती.

म्हणून ‘तो आता पॉकेटमध्ये थांबायला शिकला’ ही शाबासकी मला टोचते. कॉलेजात, लुइव्हिलमध्ये, प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो यांच्या हाताखाली तो एनएफएलच्या धर्तीचे प्ले खेळतच होता. बघणाऱ्यांना फक्त त्याचं पळणं दिसलं.

चेसापीक:
इंद्रायणी, ब्रिस्को आणि मूनची आठवण काढलीत ते फार बरं केलंत. इतिहासाबद्दल एका अक्षराचाही वाद नाही. पण नेमका म्हणूनच मला त्याच्या पासिंगबद्दल तपशिलात बोलायचं आहे. त्याचं पासिंग आधीपासूनच होतं म्हणून सोडून दिलं तर त्याने घेतलेले कष्ट पुन्हा झाकले जातात. २०२२ ला त्याचे ६२.३ टक्के पास पूर्ण झाले होते, २०२३ ला ६७.२. हा फरक सरावातून आला आहे.

स्नॅपकाउंट, चीफ्सच्या सामन्यात रनिंग बॅकना मिळालेले सहा कॅरी हा आकडा आम्हा बाल्टिमोरवाल्यांना तोंडपाठ आहे आणि अजून झोंबतो. पण तो प्ले सांगणाऱ्यांचा निर्णय, त्याचं खापर पॉकेटवर का? त्याच्या आठवडाभर आधीचा टेक्सन्सचा सामना घ्या. मध्यंतराला १०-१०. टेक्सन्स सतत ब्लिट्झ करत होते. दुसऱ्या अर्ध्यात लमारने चेंडू झटपट सोडायला सुरुवात केली, ब्लिट्झची धार गेली आणि सामना ३४-१० ने संपला. प्रश्नपत्रिका तुम्हाला हवी तीच होती, तीही प्लेऑफमध्ये.

आणि हो, त्याच सामन्यात तो १०० यार्ड पळालाही. शिस्त आणि पळणं यांचं वैर नाही. आधी बघायचं, मग पळायचं, एवढाच क्रम आहे.

स्नॅपकाउंट:
टेक्सन्सचं मान्य.

मग आता दोन प्ले शेजारी ठेवतो. ६ ऑक्टोबर २०२४, सिनसिनाटी. चौथं सत्र, रेव्हन्स दहा गुणांनी मागे. स्नॅप लमारच्या हातून सुटला, चेंडू जमिनीवर. त्याने तो उचलला, उजवीकडे पळाला, अंगावर आलेल्या सिनसिनाटी बेंगल्सच्या सॅम हबर्डला एका हाताने दूर ढकललं, कडेच्या रेषेकडे जात-जात एंड झोनमध्ये लाइकलीकडे फेकला. टचडाउन. पुढे जादा वेळेत ४१-३८ ने जिंकले. हा प्ले कोणत्याही प्रशिक्षकाच्या वहीत नाही. हाच लमार मला हवा आहे.

इंद्रायणी:
या प्लेबद्दल स्नॅपकाउंटना +१.

चेसापीक:
जोडीला दुसरा प्ले तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो. १९ जानेवारी २०२५, बफेलो, हिमवर्षाव. दुसरं सत्र. पुन्हा स्नॅप हातातून निसटला. पुन्हा त्याने उचलला. पुन्हा वळून वाट काढायला गेला. या वेळी बफेलो बिल्सच्या डमार हॅमलिनने गाठलं, चेंडू सुटला आणि त्यांचाच व्हॉन मिलर तो घेऊन ३९ यार्ड पळाला. सुरुवात दोन्ही वेळा अगदी तीच. तिथे चेंडूवर नुसतं आडवं पडला असता तर काही यार्ड गेले असते, चेंडू रेव्हन्सकडेच राहिला असता.

सिनसिनाटीच्या त्याच सामन्यात जादा वेळेतही स्नॅप सुटला होता. चेंडू बेंगल्सनी उचलला आणि त्यांचा फील्ड गोल हुकला म्हणून रेव्हन्स वाचले. दरवेळी हबर्डला ढकलता येत नाही.

नवीन_वाचक:
म्हणजे शिस्तीत चेंडू ‘सोडून देणं’ पण येतं का? मला वाटायचं की प्रत्येक प्ले वाचवायचा प्रयत्न करणं हीच क्वार्टरबॅकची शान.

चेसापीक:
येतं तर. रिसिव्हर मोकळा नसेल तर पॉकेटच्या बाहेर येऊन मैदानाबाहेर फेकणं, अगदीच नाही जमलं तर सॅक (पास टाकण्याआधीच पाडलं जाणं) पत्करून चेंडू छातीशी धरणं, हेसुद्धा चांगले निर्णय आहेत. पुढचा डाउन, म्हणजे पुढचा प्रयत्न, मिळतो. २०२४ मध्ये इंटरसेप्शन चारवर राहिले त्यात अशा न टाकलेल्या पासांचाही हात आहे. ते हायलाइट्समध्ये कधी दिसत नाहीत.

जुना_क्रिकेटवाला:
पण बफेलोच्या त्या सामन्यात शेवटी दोष लमारचा होता का? मला तर मार्क अँड्र्यूजच्या हातातून सुटलेला चेंडूच आठवतो.

चेसापीक:
तेच तर. २७-१९ ने मागे असताना त्याने ८८ यार्डांचा ड्राइव्ह (सलग चढाई) काढला, २४ यार्डांवरून लाइकलीला टचडाउन दिला, दीड मिनिट उरलं होतं. टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नात बरोबरीसाठी दोन गुण हवे होते. उजव्या कोपऱ्यात अँड्र्यूज मोकळा होता, पास हातात बसण्याजोगा होता आणि तो सुटला. २७-२५. अशा हवेत, अशा दडपणाखाली पूर्ण मैदान ओलांडून आलेल्या क्वार्टरबॅकबद्दल ‘प्लेऑफमध्ये ढेपाळतो’ असं कोणी लिहिलं की वाईट वाटतं.

स्नॅपकाउंट:
त्या ड्राइव्हबद्दल वादच नाही, तो अप्रतिम होता. अँड्र्यूजलाही मी धारेवर धरणार नाही, इतकी वर्षं त्यानेच कितीतरी सामने वाचवले आहेत. पण त्या दिवशी रेव्हन्सनी चेंडू तीनदा गमावला. एक अँड्र्यूजचा, दोन लमारचे: तुम्ही सांगितलेला फंबल आणि बिल्सच्या टेलर रॅपने झेललेला पास. समोर बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन होता, ज्याला हाताबाहेर गेलेला प्ले खेचत बसायची खोड लमारइतकीच होती, आणि बिल्सनी चेंडू एकदाही गमावला नाही. तुमची शिस्त मला त्या रात्री दुसऱ्या बाजूला दिसली. ॲलनला पळायचं तर कोणी बंद केलं नव्हतं, दोन टचडाउन त्याने स्वतः धावूनच काढले.