शब्दचर्चा : ‘रीड-ओन्ली सोर्स ट्री’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवरील मार्गदर्शिकेच्या मराठीकरणात एक प्रकरण असे आहे, की एका यंत्रावरची सोर्स ट्री (प्रणालीच्या मूळ संहितेच्या फाइलींचा संच) एनएफएस या जाळ्यावरून फाइली वापरू देणाऱ्या व्यवस्थेद्वारे इतर यंत्रांना रीड-ओन्ली स्वरूपात द्यायची. मी तिला ‘केवलवाचनीय सामाईक स्रोतवृक्ष’ म्हटले आहे. हा प्रयोग योग्य वाटतो का?

प्रतिसाद : ‘स्रोतवृक्ष’ चालेल, जरी माझ्या परिचयातले सारेच ‘सोर्स ट्री’ म्हणतात. अडचण उरलेल्या दोन शब्दांची आहे.

‘वाचनीय’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात चांगले पुस्तक येते, त्यामुळे ‘केवलवाचनीय’चा अर्थ त्याला थांबून लावावा लागेल. शिवाय त्या शब्दाने केवळ-वाचन हा त्या वृक्षाचाच गुण ठरतो. प्रत्यक्षात मूळ यंत्रावर हा वृक्ष ज्या /यूएसआर/एसआरसी निर्देशिकेत असतो, तिथेच गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने नवे बदल उतरत असतात आणि तिथे लिहिण्याची मुभा असते. बंदी असते ती फक्त इतर यंत्रांना. म्हणून मी ‘वाचनापुरता’ हा शब्द सुचवीन : ‘स्रोतवृक्ष इतर यंत्रांना वाचनापुरता खुला करावा’. ‘पुरता’ने मर्यादा कळते, आणि ती कोणासाठी आहे तेही त्याच वाक्यात सांगता येते.

‘सामाईक’बद्दल माझा आक्षेप अधिक ठाम आहे. सामाईक विहिरीवर प्रत्येक हिस्सेदाराचा पाणी काढण्याचा हक्क असतो. येथे मालक एकच आहे आणि बाकीच्यांना हक्क नसून परवानगी आहे. ‘एकाच ठिकाणचा स्रोतवृक्ष अनेक यंत्रांनी वापरणे’ हे लांब असले तरी चुकीचे नाही.

प्रश्न : मग ‘एक्सपोर्ट’ला ‘निर्यात’ आणि ‘माउंट’ला ‘आरोहण’ ठेवावे का?

प्रतिसाद : दोन्ही नकोत. निर्यातीत माल देशाबाहेर जातो, येथे तर काहीच हलत नाही. ‘खुला करणे’ आणि ‘जोडणे’ ही क्रियापदे पुरेशी आहेत, आणि ती वेगळी ठेवणे आवश्यकही आहे. मूळ यंत्राच्या /ईटीसी/एक्सपोर्ट्स या फाइलमध्ये ‘-आरओ’ (रीड-ओन्ली) लिहिले, तर ग्राहक यंत्रावरच्या रूटलाही, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालाही, तिथे काही लिहिता येत नाही. ग्राहकाने स्वतःच्या बाजूने वाचनापुरते जोडले, तर तो केवळ त्याचा स्वतःचा संयम असतो, कारण तोच रूट पुढे लिहिण्यासह पुन्हा जोडू शकतो. ‘वाचनापुरता खुला’ आणि ‘वाचनापुरता जोडलेला’ हा भेद अनुवादात पुसला गेला, तर वाचकाला सुरक्षिततेचा खोटा भरवसा वाटेल.

दुसरा प्रतिसाद : वरील मताशी मी सहमत आहे, पण ‘वाचनापुरता’ वाचून ‘मग बांधणी कशी होणार?’ असे नवख्याला वाटेल, म्हणून एक वाक्य जोडावे. बांधणीत, म्हणजे स्रोतापासून चालवण्याजोगी प्रणाली घडवताना, तयार होणाऱ्या फाइली मूळ वृक्षात न जाता /यूएसआर/ऑब्ज येथे जातात, म्हणूनच मूळ वृक्ष लिहिण्यास बंद ठेवता येतो. ‘मेक बिल्डवर्ल्ड’ ही बांधणीची आज्ञा बांधणीच्या यंत्रावर एकदाच चालते. बाकीची यंत्रे दोन्ही निर्देशिका त्याच मार्गांवर जोडून ‘मेक इन्स्टॉलवर्ल्ड’ या आज्ञेने बसवणी करतात. एखाद्या यंत्राला स्वतःची कर्नेल (प्रणालीचा गाभा) स्वतः बांधायची असल्यास ‘मेकऑब्जडिरप्रिफिक्स’ हे बांधणीच्या फाइलींची जागा ठरवणारे चल त्याच्या स्थानिक जागेकडे वळवावे लागते.

घड्याळांचाही उल्लेख हवा. ‘मेक’ हा फाइलींच्या वेळा पाहून काय जुने झाले ते ठरवतो. वेळांत तफावत पडली तर बसवणीच्या वेळी तो पुन्हा बांधू पाहतो, आणि लिहिण्यास जागा नसल्यामुळे अडतो. तिथे पडद्यावर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ अशी तक्रार येते, म्हणून परिशिष्टातील शब्दसूचीत ‘वाचनापुरता’समोर देवनागरीत ‘रीड-ओन्ली’ अवश्य द्यावे, नाहीतर वाचकाला ती तक्रार ओळखता येणार नाही.